परसातल्या मातीचा जाणकार : अप्पासाहेब पटवर्धन

दसरा उलटतो, भात कापून खळ्यावर येतं आणि कोकणातल्या घरोघरी परसाची आठवण होते. पावसाळाभर माजलेलं रान काढायचं, वई नीट करायची, वाफे बांधायचे आणि लाल माठ, मुळा, वांगी, मिरची यांचं बी टाकायचं. शेजारणीकडून पडवळाच्या चार बिया आणायच्या, तिला आपल्याकडची मोगऱ्याची फांदी द्यायची. ही देवाणघेवाण याच दिवसांतली. आता रत्नागिरी, चिपळूणसारख्या शहरांत फ्लॅटच्या गॅलरीतही कुंड्या दिसतात. जागा आटली, पण हौस तीच आहे.

वाफा असो की कुंडी, प्रश्न मात्र सगळ्यांपुढे एकच. खत आणायचं कुठून? गोठे ओस पडले. शेणखत मिळालं तरी त्याची किंमत आणि गाडीभाडं परवडत नाही. पोत्यातल्या रासायनिक खताने रोप तरतरीत दिसतं, पण आपल्या जांभ्या जमिनीत ते किती टिकतं हे सांगायला नको.

या प्रश्नाचं उत्तर याच जिल्ह्यातल्या एका माणसाने शोधलं होतं. ते उत्तर घराच्या मागच्या दारीच होतं, पण ते कुणाला बघायचं नव्हतं. परसाकडे जाणे या शब्दांना आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत. एक बागेकडे जाण्याचा आणि दुसरा चारचौघांत न बोलण्याचा. हे दोन्ही अर्थ एकत्र आणून त्यातून माणुसकीचा आणि शेतीचा विचार उभा करणारा हा माणूस म्हणजे सीताराम पुरुषोत्तम तथा अप्पासाहेब पटवर्धन. लोक त्यांना कोकणचे गांधी म्हणत.

प्राध्यापकी सोडून कोकणात

अप्पांचा जन्म ४ नोव्हेंबर १८९४ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या आगरगुळे या गावी झाला. त्या काळी हा जिल्हा मंडणगडपासून पार सावंतवाडी संस्थानच्या हद्दीपर्यंत पसरलेला होता. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग वेगळा झाला. त्यामुळे अप्पांचं पुढचं कार्यक्षेत्र असलेली कणकवली त्यांच्या हयातीत रत्नागिरी जिल्ह्यातच होती.

मुलगा हुशार. तत्त्वज्ञानासारखा अवघड विषय घेऊन शिकला आणि पुण्याच्या न्यू पूना कॉलेजात शिकवू लागला. हेच पुढचं स. प. महाविद्यालय. त्या दिवसांत कोकणातल्या ब्राह्मण घरातल्या मुलाने प्राध्यापक होणं म्हणजे घराचं सोनं झालं असं मानत. पण अप्पांचं मन त्यात रमलं नाही. गांधीजींच्या विचारांनी त्यांना ओढून घेतलं. त्यांनी नोकरीवर पाणी सोडलं आणि साबरमतीच्या आश्रमाची वाट धरली. गांधीजींच्या आत्मकथेचं मराठी भाषांतर अप्पांनी केलेलं आहे. अनेक मराठी घरांत गांधीजी पोचले ते या भाषांतरातून.

आश्रमात सकाळ व्हायची ती संडास साफ करण्यापासून. तिथे हे काम पाळीपाळीने सगळेच करत आणि त्याचं खत शेताला जाई. अप्पांनी तिथे हे पाहिलं, केलं, आणि ते त्यांच्या मनात कायमचं रुतून बसलं. पुढे कोकणात परत येऊन त्यांनी खादी, अस्पृश्यता निवारण आणि गावसेवा ही कामं अंगावर घेतली. मे १९३० मध्ये वेंगुर्ले तालुक्यात शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला, त्यातही अप्पा होते. असा कार्यकर्ता तुरुंगाबाहेर फार दिवस राहणं त्या काळात शक्यच नव्हतं.

रत्नागिरीच्या तुरुंगातला झाडू

१९३२ साली अप्पा रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तुरुंगातलं मैलासफाईचं काम जातीवर वाटलेलं असे. बाहेर जी विषमता तीच आत, फक्त भिंती उंच. अप्पांनी मागणी केली, हे काम मला करू द्या. सवर्ण कैद्याला हे काम देता येत नाही, असा अधिकाऱ्यांचा पवित्रा. कैदी काम टाळतात हा तुरुंगाचा नेहमीचा अनुभव. इथे एक कैदी सगळ्यात हलकं मानलेलं काम मागत होता आणि सरकार नाही म्हणत होतं.

अप्पांनी अन्न कमी केलं. ही बातमी येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींच्या कानावर गेली. पुणे करार होऊन दोन-अडीच महिनेच झाले होते आणि त्या वेळच्या उपोषणाचा थकवा अजून अंगात होता. तरीही ३ डिसेंबर १९३२ रोजी गांधीजींनी अप्पांच्या बाजूने उपवास सुरू केला. सरकार हललं. मागणीचा विचार करण्याचं आश्वासन मिळालं आणि दोन दिवसांत उपवास थांबला. एका जिल्हा तुरुंगातल्या झाडूचा प्रश्न असा साऱ्या देशाचा झाला.

वाचणाऱ्याला वाटेल, यात शेतीचा काय संबंध? संबंध आहे. मैला ही घाण आहे आणि ती उचलणारी माणसंही घाण आहेत, ही एकाच समजुतीची दोन टोकं आहेत. त्या काळी शहरांत टोपलीचे संडास होते. मागच्या बोळातून माणूस येई, टोपली किंवा डबा डोक्यावर घेई आणि गावाबाहेर नेऊन टाकी. गावोगावी उघड्यावर बसण्याची रीत. पहिल्या प्रकारात माणसाची माती होत होती, दुसऱ्यात मातीचं सोनं वाया जात होतं. आणि पावसात ते वाहून विहिरीला मिळालं की पटकी, हगवण गावात शिरे. अप्पांनी हे दोन्ही धागे एकत्र गुंफले.

गोपुरीतला प्रयोग

स्वराज्य आलं आणि १९४८ साली अप्पांनी कणकवलीजवळ वागदे इथे गोपुरी आश्रम उभा केला. मुंबई-गोवा रस्त्याने जाणाऱ्यांना हे ठिकाण ठाऊक आहे. इथे अप्पांनी जे काम केलं ते भाषणाचं नव्हतं, हातांचं होतं. मेलेली जनावरं ओढणं, सोलणं, चामडं कमावणं, हाडामांसाचं खत करणं, शेणामुताचा आणि मैल्याचा योग्य वापर करणं. गावात ज्या ज्या कामाला नाक मुरडत, ते ते काम आश्रमात दर्जा मिळवून बसलं.

मैल्यासाठी त्यांनी तयार केलेला संडास गोपुरी संडास म्हणून ओळखला जातो. बेत अगदी सोपा. एका संडासाला दोन टाक्या. एक वापरायची, दुसरी बंद ठेवायची. प्रत्येक वापरानंतर वरून कोरडी माती, राख, पालापाचोळा टाकायचा. त्याने ओल शोषली जाते, वास मरतो आणि माश्यांना बसायला जागा राहत नाही. पहिली टाकी भरली की ती झाकून ठेवायची आणि दुसरी सुरू करायची. दुसरी भरेपर्यंत पहिलीतला माल कुजून, मुरून मातीसारखा होतो. मग तो काढायला ना टोपली लागते, ना वेगळ्या जातीचा माणूस. घरचा मालक फावडं घेऊन स्वतः तो काढू शकतो. हेच सोनखत.

अप्पांची खरी हुशारी इथे दिसते. नुसतं सफाई कामगारांना चांगलं वागवा असं सांगून ते थांबले नाहीत. डोक्यावर मैला वाहण्याची गरजच पडू नये असं साधन त्यांनी गावाच्या हातात दिलं. साधन साधं, गावातल्या गवंड्याला बांधता येईल असं. पुढे पुणे जिल्ह्यातल्या देहू गावी डॉ. सुहास मापुसकर यांनी अप्पांच्या या कामाचा धागा पुढे नेला आणि संडासाला जोडलेल्या गॅस प्रकल्पांपर्यंत मजल मारली. त्यांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

जांभ्या मातीचं गणित

आता शेतीच्या बाजूने बघू. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. आपली जांभी माती सच्छिद्र. पाणी धरत नाही तसं खतही धरत नाही. जूनमध्ये टाकलेला युरिया जुलैच्या झडीत ओढ्याला लागतो. अशा जमिनीत अन्नद्रव्य धरून ठेवायचं तर कुजलेला सेंद्रिय माल मातीत असावाच लागतो. ओल्या फडक्यासारखं त्याचं काम. पाणीही धरतो, खतही धरतो.

आणि आपण करतो काय? पालापाचोळा, शेणी, गवत गोळा करून तरव्यासाठी भाजावळ करतो. जमीन भाजल्याने तणाचं बी मरतं, राख मिळते, रोप जोमात येतं हे खरं. पण त्या धुरात नत्र आणि सेंद्रिय माल दोन्ही जातात. उन्हाळ्यात वणवे लागतात ते वेगळेच. म्हणजे सड्यावरचं पावसाने नेलं, उरलेलं आगीने नेलं.

माणसाच्या बाबतीत हिशेब असा आहे. एक माणूस वर्षभरात मलमूत्रातून साधारण अडीच ते साडेचार किलो नत्र बाहेर टाकतो. त्याच्या आहारावर ते अवलंबून असतं. शिवाय स्फुरद आणि पालाश निराळं. यातलं बहुतेक नत्र लघवीत असतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. पाच माणसांच्या घराचा हिशेब केला तर पंधरा किलोंच्या आसपास नत्र होतं. त्यातलं काही कुजताना उडून जाणार हे धरलं, तरी परसातल्या चार माडांना आणि भाजीच्या वाफ्यांना हा मोठा आधार आहे. शिवाय कुजलेल्या खताने माती भुसभुशीत होते. ते काम पोत्यातलं खत करत नाही.

हा विचार एकट्या अप्पांचा नव्हता. चीन, जपानातले शेतकरी शतकानुशतकं मैल्याचं खत करून लहान लहान तुकड्यांवर पिकं काढत आले. इंग्रज शास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरला राहून कंपोस्ट करण्याची पद्धत बसवली आणि १९३१ साली त्यावर पुस्तक लिहिलं. इंदूर पद्धत म्हणून ती जगभर गेली. अप्पांचं वेगळेपण असं की जातीच्या प्रश्नाला आणि खताच्या प्रश्नाला त्यांनी एकाच खड्ड्यात हात घातला. शास्त्रज्ञाला माती दिसत होती, सुधारकाला माणूस दिसत होता. अप्पांना दोन्ही दिसत होतं.

दोन वाटा

अप्पांच्या कामाचं नुसतं कौतुक करून चालणार नाही. याच जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. बाबासाहेबांनी आपल्या समाजाला सांगितलं की मेलेली ढोरं ओढण्यासारखी कामं सोडून द्या. सफाईच्या कामाला पवित्र म्हणून गौरवणं हा त्या माणसांना तिथेच बांधून ठेवण्याचा प्रकार आहे, अशी त्यांची कडक टीका होती. ती खरीही होती. ज्याला पर्याय नाही त्याच्यासाठी सेवा या शब्दाला काही अर्थ नसतो.

अप्पांची वाट दुसऱ्या टोकाने येत होती. ज्यांच्यावर हे काम लादलं त्यांनी ते सोडावं, आणि ज्यांनी लादलं त्यांनी ते स्वतः करावं. त्यांच्या वागण्यातून निघणारा अर्थ हाच. पण या वाटेने चालणारे किती निघाले? अप्पांना मान देणारे पुष्कळ होते, फावडं हातात घेणारे थोडे. ज्याच्या हाताने खत काढायचं तो हात आपला नसावा, ही वृत्ती सहजासहजी जात नाही. देशात डोक्यावर मैला वाहण्याला बंदी करणारा कायदा यायला १९९३ साल उजाडलं, आणि तोही पुरा पडला नाही म्हणून २०१३ साली दुसरा करावा लागला. अप्पा मात्र १० मार्च १९७१ रोजीच गेले. माझी जीवनयात्रा हे त्यांचं आत्मचरित्र आहे. कोकणातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या वाचनालयात ते असायला हवं.

परसबागेला आज काय घेता येईल

अप्पांच्या काळानंतर या विषयातलं ज्ञान पुढे गेलं आहे. म्हणून शेतकरी बंधूंनी आणि परसबागेची हौस असणाऱ्या भगिनींनी काही गोष्टी नीट ध्यानात घ्याव्यात.

पहिली गोष्ट, ताजा मैला कधीही जमिनीवर किंवा झाडाला घालू नये. त्यात जंतांची अंडी असतात आणि ती फार चिवट असतात. आपल्यासारख्या उष्ण हवेत बंद खड्ड्यातला माल किमान एक वर्ष तसाच राहू द्यावा. घाई केली तर खताबरोबर रोगही परसात येतो. पूर्ण मुरलेल्या खताला वास येत नाही, ते हाताला मातीसारखं मोकळं लागतं. तरी काढताना हातमोजे, पायात बूट आणि नंतर साबणाने हात धुणं सोडू नये.

दुसरी गोष्ट, हे खत घालायचं कुठे? माड, पोफळी, आंबा, फणस, केळ, फुलझाडं यांच्या आळ्यात, मातीखाली. कच्ची खाण्याची भाजी, म्हणजे मुळा, कोथिंबीर, काकडी यांना ते टाळावं. त्यांच्यासाठी शेणखत, गांडूळखत किंवा पालापाचोळ्याचं कंपोस्ट बरं. हापूसला खत द्यायचं ते पावसाच्या तोंडावर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मोठ्या कलमांना खतपाणी देऊ नये. या दिवसांत झाडाला ताण बसला तर मोहोर येतो, पाणी मिळालं तर पालवी फुटते.

तिसरी गोष्ट, दोन शोषखड्ड्यांचा संडास. सरकारी योजनांतून गावोगाव जे संडास झाले, त्यांत हीच पद्धत सुचवलेली आहे. एक खड्डा भरला की मधल्या पेटीतून मैला दुसऱ्याकडे वळवायचा आणि पहिला वर्षभर मुरू द्यायचा. मुळात गोपुरीचाच हा भाऊ. पण पुष्कळ घरांत एकच खोल खड्डा मारतात किंवा सेप्टिक टाकी बांधतात. सेप्टिक टाकीतला गाळ म्हणजे सोनखत नव्हे. तो कच्चाच असतो आणि त्यात उतरणं जिवावर बेततं. त्यात माणूस उतरवणं कायद्याने गुन्हा आहे. तिथे यंत्राची गाडीच बोलवावी.

ग्रामसेवक, सरपंच मंडळींनी एक गोष्ट खास बघावी. जांभ्यात भेगा आणि पोकळ्या असतात. खड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला असला तर अंतर पुरेसं वाटूनही पाणी नासतं. संडासाला परवानगी देताना खड्डा विहिरीपासून लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला आहे ना, हे जागेवर जाऊन पाहावं. कागदावरच्या आकड्यापेक्षा हे महत्त्वाचं. उघड्यावर जाणं थांबलं म्हणून काम संपलं असं नाही. वर्षाने तो खड्डा कोण उघडणार, हा प्रश्न ग्रामसभेत आजच निघायला हवा.

राहिली कुंड्यांची गोष्ट. फ्लॅटात राहणाऱ्यांना गोपुरी करता येणार नाही, पण अप्पांचा धडा तिथेही लागू पडतो. भाजीची देठं, फळांच्या साली, चहाचा चोथा, निर्माल्य हे सगळं भोकं पाडलेल्या बादलीत टाकावं. दर थराला मूठभर माती आणि कोरडा पाला टाकावा. ओला थर आणि कोरडा थर, हेच सूत्र. पाला नसेल तर नारळाच्या सोडणाचा भुसा चालतो. दोन-तीन महिन्यांत कुंडीपुरतं खत घरच्या घरी होतं. शेजाऱ्याला गुलाबाची फांदी देताना ओंजळभर हे खतही द्यावं. रोपाइतकीच ही भेट मोलाची आहे.

या शरदात परसात पहिला वाफा बांधायच्या आधी एका कोपऱ्यात खतासाठी खड्डा खणावा. काढलेलं गवत पेटवू नये, त्या खड्ड्यात टाकावं. वर शेणकाला शिंपडावा आणि मातीने झाकावं. पुढच्या मिरगाला तिथे काळंभोर खत तयार असेल. आणि ते खणून काढताना घरातल्या कर्त्या पुरुषानेच फावडं हातात घ्यावं, गड्याची वाट बघू नये. प्राध्यापकी सोडून आलेल्या अप्पांनी आयुष्यभर हेच करून दाखवलं.